आमच्या घराला दार नव्हतं

भिंगारच्या नव्या घरात पहिलं पाऊल माझं पडलं आणि बराच वेळ ते एकट्याचंच राहिलं. आई, बायको नंदा आणि सामानानं भरलेला टेम्पो बाहेर, मी आत. दार कसं लागतं ते पाहावं म्हणून मी ते ढकललं, ते ‘खट्’ करून लागलं. मुठीखाली एक छोटं बटण होतं. ते कशाला असतं हे बघायला म्हणून खाली ओढलं. त्यानंतर आतून मूठ फिरेना आणि बाहेरून नंदाच्या हातातली किल्ली फिरेना.

चूक हसण्यासारखीच आहे, पण ती करायला शिंगणापुरात जन्म घ्यावा लागतो. चोराला देव बघून घेतो, म्हणून गावात कुणीच दार लावत नाही; आमच्याही घराला चौकट होती, दार नव्हतं. रात्री कुत्रं शिरू नये म्हणून एक फळी आडवी टेकवायची, झालं. शाळेला दारं असतात हे मला ठाऊक होतं, मी तिथं भूगोल शिकवतो. पण ती उघडणं-लावणं शिपायाचं काम. दारांतून मी आयुष्यभर गेलो-आलो, दाराशी असा समोरासमोर व्यवहार कधी झाला नव्हता.

बाहेर माणसं जमली. समोरचे शब्बीरभाई जवानांचे गणवेश शिवतात. ते फटीला तोंड लावून सांगत होते, ‘सरजी, वो छोटा बटन ऊपर करो. ऊपर! नीचे नहीं!’ शेजारच्या मार्थाबाई, मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, म्हणाल्या, ‘सर, आधी शांत बसा. आत पाणी आहे का?’ वरच्या मजल्यावरचे सरदारजी सुभेदार होते. त्यांनी निकाल दिला, ‘मास्टरजी, पीछे हटो. मैं कंधा लगाता हूँ.’ या सगळ्यांतून आईचा आवाज आला, ‘अगं, ह्याला कोंडलं कुणी?’

‘त्यांनीच,’ नंदा म्हणाली.

राष्ट्रीय एकात्मतेचा धडा मी वर्षानुवर्षं शिकवतो. फळ्यावर मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा ओळीनं काढतो. ते चौघं एकदम बोलायला लागले की काय होतं, हे पुस्तकात दिलेलं नाही. शेवटी बटण वर गेलं, मी दार ओढलं, आणि त्याच क्षणी सरदारजी खांद्यासकट माझ्या अंगावर आले. भिंगारनं माझं स्वागत केलं ते असं.

गावात राहिलेल्या माझ्या भावकीनं आणि पुण्या-दुबईला गेलेल्या भावंडांनी हसावं म्हणूनच हे लिहितोय. तुम्ही समुद्र ओलांडून गेलात, मी इमामपूरचा घाट ओलांडला. एसटीनं तासा-दीड तासाचं अंतर. पण भूगोलाचा मास्तर म्हणून सांगतो, तो घाट साधा नाही. त्याच्या उत्तरेला पडलेलं पाणी गोदावरीकडं जातं, दक्षिणेला पडलेलं सीनेतून भीमेकडं. आपला जिल्हाच असा, एका छताखाली न नांदणारा. पश्चिमेला अकोल्याच्या डोंगरात पावसाळाभर सूर्य दिसत नाही, आणि पूर्वेला पाथर्डीकडं ढग पाहुण्यासारखे दारावरून जातात, चहालाही थांबत नाहीत. तिथली माणसं कोयता घेऊन श्रीगोंद्याच्या, प्रवरेच्या उसात उतरतात. नंदा श्रीगोंद्याची, भीमेच्या खोऱ्यातली. त्यामुळं टेम्पो घाट उतरायला लागला तेव्हा ती आपल्या पाण्यात परत निघाली होती आणि आम्ही मायलेक आमच्या पाण्यातून उठलो होतो. हे मी तिला तिथंच समजावून सांगितलं. ती म्हणाली, ‘कपाट हलतंय, तिकडं बघा.’

निघताना लोक घराला कुलूप लावतात, दोनदा ओढून पाहतात. आम्हाला ओढून पाहायला काहीच नव्हतं. टेम्पोवाल्यानं विचारलंही, ‘सर, लावायचं काय राहिलं का?’ आई चौकटीवर नुसता हात ठेवून उभी होती. वडील म्हणायचे, ‘देवालाच छप्पर न्हाई, मग आपल्याला दार कशाला?’ ते गेले, माझी शाळा नगरला, रोजच्या एसटीनं गुडघे कामातून गेले, म्हणून आम्ही नगरला लागून असलेल्या भिंगारला हललो. आई यायला तयार नव्हती. डॉक्टर म्हणाले, एकटीला ठेवू नका. ती टेम्पोत माझ्याकडं पाठ करून बसली.

गावातल्या घराचं मला भारी कौतुक होतं. शनिवारी, अमावस्येला लांबलांबचे भाविक यायचे. दर्शन झालं की खरंच दार नसतं का ते बघायला आमच्या ओट्यावर चढायचे. नंदा भाकरी थापत असायची. कुणीतरी बाई चौकटीतला पडदा सारून आत डोकावायची आणि मागच्यांना ओरडून सांगायची, ‘सच में नहीं है!’ मग फोटो. माझ्या बायकोचे पिठाचे हात सुरत-इंदूरच्या कितीतरी मोबाईलमध्ये असतील. अशा वेळी मी काय करायचो? बाहेर येऊन माहिती द्यायचो. आख्यायिका, इतिहास, हवामान. नंदा परातीवर वाकून पदर पुढं ओढायची. मला वाटायचं, चुलीचा धूर लागतोय.

भिंगारला कुणी डोकावत नाही. पहाटे लष्करी छावणीतला बिगुल, त्याच्या आगेमागे अजान, रविवारी चर्चची घंटा, सगळं भिंतीतून येतं; माणूस मात्र बेल वाजवूनच येतो. नंदा घरात आली की पहिल्यांदा लॅच लावते, मग चपला काढते.

आईला ती मूठ कधी जमली नाही. बोटांत तेवढी पकड नव्हती. मी शाळेत आणि नंदा बाजारात गेली की ती आत. खुर्ची दाराकडं तोंड करून ठेवायची आणि दाराकडं बघत बसायची. मार्थाबाई सांगायच्या, ‘आजी दाराशी बोलतात हो दुपारी.’ मी तिला विचारलं तर म्हणाली, ‘जिन्यात पावलं वाजत्यात. कोन हाय म्हून इचारते. कुनी थांबत न्हाई. दारं लावून ही मानसं करत्यात तरी काय रं?’

दिवसा दार उघडं ठेवून पाहिलं. एकदा कुत्रं येऊन भाकऱ्या घेऊन गेलं, एकदा गॅसवाला थेट स्वयंपाकघरात आला. नंदा त्या दिवशी जेवली नाही. दार उघडलं की एक गुदमरायची, लावलं की दुसरी, आणि मी मधल्या चौकटीसारखा. दोन्ही बाजूंनी बिजागऱ्या मलाच ठोकलेल्या.

मग एके दिवशी शाळेतून आलो तर आई लुगड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली. ‘मला माझ्या घरी सोड. तू चांगला हायस, सून चांगली हाय. पन हितं जीव कोंडतो. मला उघड्यावर मरू दे.’

गावात आमच्या शेजारीच राहणाऱ्या आणि आता आमचं घर सांभाळणाऱ्या माझ्या चुलत भावाला, बबनला, फोन केला. तो म्हणाला, ‘या की. काकीला आमी काय परके हाव का?’ सोडून आलो तर आईला टाकून आलेला मुलगा, ठेवली तर आईला कोंडून ठेवलेला मुलगा. या दोहोंतला कुठला होणं बरं, हा विचार करत रविवारी गाडी केली. घाट चढताना आई कितीतरी दिवसांनी बोलत होती. कुणाचं शेत, कुणाची विहीर, कुणाच्या बांधावरून कोण भांडलं.

घरासमोर गाडी थांबली. आई उतरली आणि उभीच राहिली. आमच्या चौकटीत लोखंडी जाळीचं सरकतं दार बसवलेलं होतं. नवाकोरा हिरवा रंग.

बबन धावत आला. ‘काकी, दार न्हाई हे. नुसती जाळी हाय. कुत्री लई झाल्यात.’

आईनं जाळीवर बोट ठेवलं. ‘आन ही कडी?’

‘ती आपली अशीच. कुलूप कुठं हाय?’

‘कुत्र्याला कडी कशाला रं? त्याला काय हात हायेत?’

बबन हसला, मीही हसलो, कारण दुसरं काय करणार? त्यानं घाईघाईनं जाळी सरकवली. ती मध्येच अडकली, त्यानं लाथ मारली, ती सरकली. त्याची बायको आतून चहा ठेवते म्हणाली. आई उंबऱ्याशी होती. एक पाय उचलला की आत. तिनं उचलला नाही. तिथूनच आतल्या भिंती पाहिल्या, वडिलांचा फोटो होता ती जागा पाहिली. बबनला म्हणाली, ‘तुझी चूक न्हाई बाबा. तुला राहायचंय हितं.’ आणि गाडीकडं वळली.

‘अगं आई, पण तिकडं तर...’

‘तिकडचं दार चोरासाठी हाय. हे माझ्यासाठी हाय. चल.’

भिंगारला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. शब्बीरभाईंचं मशीन चालू होतं. आईनं गाठोडं पुन्हा कपाटात ठेवलं आणि आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून निजली. मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. आपण आता कुठले, असं वर्गातल्या मुलांनी विचारलं तर नकाशावर काय दाखवायचं, ते मला सुचेना. आयुष्यभर ज्याच्याकडं बोट दाखवत आलो, ते ठिकाण आता पिनकोडापुरतं उरलं होतं. मी नंदाला म्हणालो, ‘गेलं बघ आपलं घर. आता परत जायला जागा उरली नाही.’

ती पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, ‘तुम्हाला आज कळलं होय? मी लग्न होऊन आले तेव्हा ह्याच आत्याबाई म्हणाल्या होत्या, आमच्या घराला दार न्हाई, कवाबी ये. कवाबी जा, असं कुणी म्हणालं नव्हतं. त्यांनाबी कुणी म्हणालं नसंल. हळू बोला, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा.’