दिवा पेटतो, पडदा ढिम्म

मशीन थांबवायचं लाल बटण दाबलं की तपासणीच्या टेबलावरल्या बोर्डाचा दिवा लगेच पेटतो. चिपला कळलेलं असतं. मशीन थांबवणारा पडद्यावरचा प्रोग्राम मात्र ढिम्म. त्याला कुणी हाक मारत नाही, दर दोन सेकंदांनी तोच चिपला विचारायला येतो. तेवढ्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली कुणाचा हात जाईल.

"दोन सेकंदांनी काय होतंय रे?" साहेब म्हणाले. नववीत शाळा सोडलेल्या मला हे तपासणीचं काम त्यांनीच शिकवलं.

गावी आई पडली, तेव्हाही घरात सगळ्यांना माहीत होतं. मला कळलं रविवारी, मीच फोन केल्यावर. "लांब आहेस, उगाच काळजी करशील," घरचे म्हणाले. तो राग अजून जात नाही.

साहेबांचे उपकार आहेतच. तरी बोर्डावर मी 'नापास'ची चिठ्ठी चिकटवली. काढायची तर त्यांनी स्वतःच्या हातानं काढावी.