एकाच बाजूला गेलेली उत्तरं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बाबांना नाही, एकुलत्या एका जवळच्या मैत्रिणीलाही नाही. तशी मी कुणालाच फारसं काही सांगत नाही — हडपसरहून हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये दोन वर्षं माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीला माझं आडनाव मागच्या महिन्यात कळलं. त्यामुळे न सांगणं मला जड जात नाही. हे मात्र जातं. दहा वर्षं जातंय.

आणि हे मी मराठीत लिहितेय. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकतील. चुकू देत.

आधी आईबद्दल सांगते. ती हडपसरच्या एका कारखान्यात तपासणीला होती. कारखान्यात ज्या मापांनी माल मोजतात, ती मापं स्वतः बरोबर आहेत की नाहीत, हे बघायचं तिचं काम. त्यासाठी एक वेगळी बंद खोली होती आणि तिथे बाराही महिने वीस अंशच तापमान ठेवायचे, कारण लोखंड उबेने वाढतं. हातात धरलेला पोलादाचा ठोकळा नुसत्या तळहाताच्या उबेने मोठा होतो, आणि आईला ते मोठं होणं मोजता यायचं. तुम्ही कधी विचार केलाय यावर? मी लहानपणी करायचे. आई मे महिन्यात पिशवीत स्वेटर घालून कामाला जायची आणि बिल्डिंगमधल्या बायका हसायच्या. मला वाटायचं, ती रोज कुठेतरी थंड, दूरच्या देशात जाऊन येते.

त्या खोलीचा एक नियम होता. जे माप चुकीचं निघेल, त्याला लाल गोल टिकली चिकटवायची आणि कपाटात कुलपात ठेवायचं. परत कुणी वापरायचं नाही.

अकरावीला मी सायन्स घेतलं आणि क्लास कुठला लावायचा, हा विषय निघाला. आई म्हणाली, “फिजिक्सला कशाला क्लास? मी आहे ना.” असं काही ती कधी म्हणत नसे. म्हणताना तिने माझ्याकडे न बघता डब्याचं झाकण दोनदा लावलं. ती फिजिक्सची बी.एस्सी. — मराठी शाळेतून आलेली, पहिला वर्ग मिळवलेली. शिक्षिका व्हायचं होतं तिला. झालं नाही. का झालं नाही, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

बाबांचं कॉमर्स. ते म्हणाले, “शिकव की. फक्त पोरीला लाल टिकली लावून परत पाठवू नकोस म्हणजे झालं.”

“ती तुम्हाला लावायची राहिलीये,” आई म्हणाली.

पहिली पाळी संपवून ती चारला घरी यायची. चहा, आणि पाचला आम्ही टेबलाशी. पुस्तक उघडायच्या आधी ती काहीतरी करायला लावायची. एकदा पाच रुपयांचं नाणं आणि व्हर्निअर देऊन म्हणाली, जाडी मोज, दहा वेळा. मी कंटाळून दहा आकडे लिहिले. तिने त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “बघ, विखुरलेत. थोडे इकडे, थोडे तिकडे. म्हणजे हात चुकतोय. हात सगळ्यांचाच चुकतो. पण समज, दहाही आकडे एकाच बाजूला गेले असते, तर नाण्याला किंवा हाताला दोष द्यायचा नाही. माप बघायचं.”

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते विसरता येत नाही.

पुस्तकात जिथे साइन आणि कॉस यायचे, तिथे मी गोंधळायचे. आईने पोळपाट तिरका धरून त्यावर खोडरबर ठेवला. रबर घसरला. मग ती पोळपाट हळूहळू सपाट करत गेली. “कोन शून्य झाला. आता घसरतोय? नाही ना. मग घसरवणारं जे बळ आहे, ते शून्याला शून्य होणारं पाहिजे. शून्याला शून्य कोण होतं?” साइन. त्या दिवसानंतर माझा साइन कधी चुकला नाही. कधीच नाही. हेही लक्षात ठेवा.

आणि एका रविवारी दुपारी तिने प्रकाश मोजला.

खिडकीला चादर लावली. दोन पुस्तकांवर लेसर पॉइंटर ठेवला — तोच, पोरं मांजरांना खेळवतात तो. समोर तिची सहा इंची स्टीलची पट्टी आडवी ठेवली आणि लेसरचा किरण पट्टीच्या अगदी अंगाला घासून जाईल असा सोडला. पट्टीवर अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा कोरलेल्या होत्या. समोरच्या भिंतीवर एक लाल ठिपका पडायला हवा होता. पडले अनेक. एकावर एक, लाल ठिपक्यांची शिडी भिंतीवर चढत गेली होती. वर जाताना पायऱ्या जवळ जवळ येत होत्या.

मी भिंतीपाशी जाऊन त्या ठिपक्यांसमोर हात धरला.

आईने पेन्सिलीने भिंतीवर खुणा केल्या, टेपने अंतरं मोजली, आणि आम्ही दोघींनी वहीत गणित मांडलं. उत्तर आलं सहाशे चाळीस नॅनोमीटर. तिने माझ्या डोक्यावरचा एक केस उपटला — “आई गं!” — आणि मायक्रोमीटरमध्ये धरला. “हा तुझा केस. प्रकाशाची एक लाट याच्या शंभराव्या भागाएवढी.” पॉइंटरवर चिकटवलेल्या कागदावर साडेसहाशे छापलं होतं. ती म्हणाली, “दहाचा फरक आला. बिल्डरने भिंत वाकडी बांधलीये.”

स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या पट्टीने तिने प्रकाशाची लाट मोजली होती. आमच्या हॉलमध्ये, वाळत घातलेल्या कपड्यांच्या शेजारी. एवढं मोठं काही त्यानंतर माझ्यासमोर घडलेलं नाही. आजही कधी बसच्या काचेवर लाल दिवा फुटून दिसतो, तेव्हा मला ती शिडी आठवते आणि अंगावर काटा येतो.

मग मी असं का केलं?

मी पुन्हा पुन्हा प्रकाशाकडेच वळतेय, कारण पुढचं लिहायला नको वाटतंय. बरं. लिहिते.

कॉलेजातल्या दोन मुली एकदा घरी आल्या होत्या. आईने त्यांनाही टॉर्क समजावून दिला, दार उघडून-मिटून, मराठीत. बिजागरी, बळ, आघूर्ण. त्या मन लावून ऐकत होत्या. जिना उतरताना एक जण म्हणाली, “यार, तुझी मम्मी किती क्यूट शिकवते.”

बस, एवढंच. तिला टोमणा मारायचा नव्हता, तिला खरंच आवडलं होतं. पण मला ‘क्यूट’ झोंबलं. वर्गातल्या सगळ्या स्वारगेटजवळच्या एका क्लासला जायच्या. एकाच रंगाच्या बॅगा, एकाच सरांच्या नकला, एकाच ग्रुपवरचे विनोद. मी त्यांच्या हसण्याच्या कडेला उभी असायचे. लाजाळू माणसाला सगळं दिसतं आणि आत कुठून शिरायचं तेवढं कळत नाही. मला ती बॅग हवी होती.

आईला सांगितलं असतं तर? तिने क्लास लावला असता. त्याच दिवशी. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण सांगताना तिचा चेहरा बघावा लागला असता. मला तो बघायचा नव्हता. मला असं हवं होतं, की तिनेच ठरवावं. तिनेच म्हणावं, की माझ्याच्याने होत नाही.

पहिल्या चाचणीत सात गणितं होती. सातही मला येत होती. मी पहिलं वाचलं — तिरक्या फळीवरचा ठोकळा. पोळपाट डोळ्यासमोर आला. आणि मी साइनच्या जागी कॉस लिहिला. मुद्दाम. मग दुसऱ्यात. मग सातही गणितांत — साइन तिथे कॉस, कॉस तिथे साइन. बाकी पायऱ्या स्वच्छ, एककं बरोबर, अक्षर चांगलं. वेगवेगळ्या चुका करायलाही डोकं लागतं. मी एकच निवडली. माझ्या उत्तरपत्रिकेत सपाट टेबलावर ठेवलेले ठोकळे आपोआप धावत सुटले होते. लिहिताना मला थोडं हसूसुद्धा आलं होतं.

पंचवीसपैकी सहा.

आई ओरडली नाही. चहा बाजूला ठेवून पेपर घेऊन बसली. पेन्सिलीने एकेका साइनखाली, एकेका कॉसखाली बारीक रेघ मारत गेली. पहिल्या पानावर कपाळाला आठी होती. दुसऱ्यावर ती गेली. तिसऱ्या पानाशी तिचा हात थांबला. मी समोर नखं कुरतडत होते. मला वाटलं, पकडलं. जिने आयुष्यभर चुका तपासल्या, तिला ही ओळखू येणार नाही?

ती म्हणाली, “सगळं एकाच बाजूला गेलंय.”

तिने पेन्सिल पेपरावर आडवी ठेवली. मग, माझ्याकडे न बघता, “मीच उलटं शिकवलं असणार.”

तेव्हा बोलता आलं असतं. एक वाक्य. ‘नाही आई.’ दोनच शब्द. मी पाणी प्यायला उठले.

तुम्हाला कळतंय ना काय झालं ते? तिने मला सोळा वर्षं ओळखलं होतं. मी खोटी असेन हे तिच्या मनातही आलं नाही. तिने नियम लावला, जो ती कारखान्यात रोज लावायची — आणि माप चुकीचं ठरवलं. कोन तपासायचं साइन बार नावाचं उपकरण जिच्या हातात रोज असायचं, तिने मान्य केलं, की आपल्याला साइन शिकवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी क्लास लागला. बॅग मिळाली. ग्रुपवर घेतलं. विनोद फारसे चांगले नव्हते. सर बरे होते, इंग्रजीत शिकवायचे आणि फळा भरायचे. जिथे अडायचं तिथे मी मनातल्या मनात पोळपाट तिरका करायचे. बारावीला फिजिक्समध्ये पंच्याण्णव आले आणि क्लासच्या दारावरच्या फ्लेक्सवर माझा फोटो लागला. आई पेढे घेऊन सरांना भेटायला आली. सर म्हणाले, “हिचा पाया आधीपासूनच पक्का होता हो.”

“कसला पक्का! माझ्या हाताखाली होती तेव्हा नापास झाली होती. सगळं तुमच्यामुळे, सर,” आई म्हणाली आणि हसली. मी पेढा खात होते. तो गिळला.

एवढ्यावर थांबलं असतं, तर मी हे कदाचित लिहिलंही नसतं. कारखाना गेल्या वर्षी चाकणला गेला, आईने स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता ती दिवसभर घरी असते आणि घरातलं सगळं दोनदा पुसते. गेल्या रविवारी समोरच्या काकू आल्या होत्या. त्यांची तनया यंदा अकरावीला आहे. म्हणाल्या, “वहिनी, तुम्ही फिजिक्सवाल्या ना? आमच्या तनूला घ्या की शिकवायला. क्लासमध्ये दीडशे पोरं, तिच्या तोंडातून शंका फुटत नाही. लाजते. तुमच्या हिच्यासारखीच आहे.”

आईचा हात टीपॉयवर थांबला. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं — मी बघितलं, मला सगळं दिसतं — आणि विझलं. “छे हो. मला नाही शिकवता येत. एकदा करून पाहिलंय. पोरीचं नुकसान नको.”

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी फोनकडे बघितलं.

म्हणजे सोळाव्या वर्षी केलेली गोष्ट मी सव्विसाव्या वर्षी पुन्हा केली. लहान होते, असं म्हणायचीही सोय राहिली नाही.

परवा गॅसचे कागद शोधताना कपाटाच्या तळाशी एक दोनशे पानी वही सापडली. आईचं अक्षर. अकरावी-बारावीचा प्रत्येक धडा मांडलेला, शेजारी काय करून दाखवायचं ते. ‘ध्वनी — तांब्या, पाणी, चमचा.’ ‘दाब — दोन कागद, फुंकर.’ ‘चुंबकत्व — बाबांचा जुना रेडिओ (विचारू नये).’ मला जेमतेम पहिली वीस पानं शिकवली होती तिने. पुढची पानं भरलेली होती. पान पान चमत्कार, आणि एकही कुणाला दाखवलेला नाही. मी कपाटासमोर फरशीवर बसून सगळी वाचली. मराठी मला सावकाश वाचता येतं, तासभर लागला.

मग वही मिटली तेव्हा मुखपृष्ठ नीट बघितलं. वरच्या कोपऱ्यात लाल गोल टिकली होती. कारखान्यातली.

तनूच्या आईने अजून क्लासचे पैसे भरलेले नाहीत. शनिवारी भरणार आहेत. आज गुरुवार आहे. हे कागद मी त्या वहीत ठेवतेय आणि वही टेबलावर, जिथे आई चारला चहा घेऊन बसते. आई इंग्रजी वाचते, पण मराठी वाचताना तिचा चष्मा नाकावर खाली येतो आणि ती ओठ हलवून एकेक शब्द वाचते, म्हणून हे मराठीत. मी घरीच असेन. या वेळी पाणी प्यायला उठणार नाही.

माप बरोबर होतं, आई. सातही गणितं मला येत होती. तू शिकवली होतीस तशीच.