बूमवालं घ्यायचं की बिनबूमचं

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला आम्ही घरात जपूनराव म्हणतो. चहाचा कप उचलण्याआधी हा माणूस कपाकडे असा बघतो, जणू तो अंगावरच येणार आहे. कारखान्यामागच्या मोकळ्या जमिनीची देखभाल त्यांच्याकडे आहे. गवत कापायचं, चर उपसायचे आणि ट्रॅक्टरला फवारणी यंत्र जोडून तणनाशक मारायचं. त्या जमिनीच्या कुंपणाला लागूनच माझी रोपवाटिका. टोमॅटो, मिरची, वांगी. भावोजींच्या औषधाचा शिंतोडा उडाला की टोमॅटोचं पान मुरडलंच म्हणून समजा.

जुनं यंत्र बूमवालं होतं. टाकीच्या दोन्ही बाजूंना लांब लोखंडी दांडे, दांड्यांना खाली ओळीनं नोझल, म्हणजे फवाऱ्याच्या तोट्या. औषध गुडघ्याच्या उंचीवरून सरळ जमिनीवर पडतं, इकडे तिकडे फारसं जात नाही. काम झालं की दांडे उभे उचलून मिटायचे. ही माणसं ते मिटतात फाटकाशी, कारण फाटक उघडायला ट्रॅक्टर तिथं थांबवावाच लागतो. आणि नेमकी फाटकावरूनच विजेची तार जाते. भावोजींचा कामावरचा जोडीदार मागे तिथंच गेला. घरी जायची घाई होती, दांडा वर गेला आणि तारेला लागला. भावोजी त्या दिवशी तापानं घरी पडून होते, नाहीतर ट्रॅक्टरवर तेच असते.

यंदा ते यंत्र गंजून मोडलं. कारखान्याचे साहेब म्हणाले, "चालवायचं तुम्हाला आहे, तुम्हीच निवडा." विक्रेत्यानं बिनबूमचं पुढं केलं. त्याला दांडेच नाहीत. मागच्या नोझलमधून दोन्हीकडे लांबवर फवारा उडतो. झाड, खांब, तार, कशाचीच अडचण नाही. माझ्या बहिणीला तर ऐकूनच रडू फुटलं.

"हेच घ्या," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी तुम्ही येईपर्यंत मी दारातच उभी असते."

मीही म्हटलं, घ्या की, एवढा विचार लोक मुलीचं स्थळ बघतानाही करत नाहीत.

भावोजींनी आधी चाचणी मागितली. टाकीत साधं पाणी, त्यात निळा रंग, आणि माझ्या कुंपणावर एक जुनी पांढरी चादर. विक्रेता हसून म्हणाला, "धुणं वाळत घालायला आलात का?" वारा म्हणावा असा नव्हताच, नुसती पानं हलत होती. फवारा उडाला, चादरीवर निळे ठिपके उमटले. भावोजींनी चादरीकडे एकदा बघितलं आणि सरळ माझ्याकडे आले. मी कुंपणापासून चांगली आत, रोपांच्या ट्रेंमध्ये उभी होते. त्यांनी माझा हात धरून उलटा केला. कोपरापर्यंत बारीक निळे ठिपके होते.

"वारा पडल्यावर मारायचं, मग काही होत नाही," विक्रेता म्हणाला.

"वारा मला विचारून येतो का?" भावोजी म्हणाले.

त्यांनी बूमवालं निवडलं. घरी हे ऐकून बहिणीनं हातातलं ताट आपटलं. "तार विसरलात?"

"नाही विसरलो. पण याच्यात चूक झाली तर ती माझ्यावर येईल. त्याच्यात झाली तर हिच्यावर. मी फाटकाशी मिटणारच नाही, आत रानातच मिटून येईन."

मला संताप आला. माझ्यासाठी जीव धोक्यात घाला असं कुणी सांगितलं होतं यांना? पण रोपं वाचली म्हणून हायसंही वाटलं होतं, त्यामुळे मी परत रोपांकडे वळले.

त्यानंतर बहीण रोज काम सुटायच्या वेळी फाटकाबाहेर येऊन उभी राहायची. भावोजी रानाच्या मधोमध थांबून दांडे मिटायचे, मग फाटकाकडे यायचे. जपूनराव म्हणून हाक मारणं आमचं बंद झालं.

एकदा आभाळ भरून आलं होतं. रखवालदार कुलूप हातात घेऊन ओरडत होता, "चला, चला लवकर." मी पाइपनं रोपांना पाणी घालत होते. ट्रॅक्टर फाटकाशी येऊन थांबला आणि मला दिसलं, दांडे पसरलेलेच आहेत. भावोजींचा हात लिव्हरवर गेला. डावा दांडा वर चढायला लागला. दांडा चढत राहिला आणि तारेखाली थांबला, इतका जवळ की मला मधली फट दिसत नव्हती. भावोजींची मान वर होती. मग दांडा हळूहळू खाली आला.

त्यांनी इंजिन बंद केलं आणि तिथंच बसून राहिले. "हात सवयीनं गेला," ते रखवालदाराला म्हणाले. "मला कळलंच नाही."

बहीण त्यांच्याकडे गेली नाही. कुंपणाच्या कडेकडेनं ती माझ्यासमोर आली आणि जाळीला धरून उभी राहिली.

"तू रोपं हलव," ती म्हणाली. "ते यंत्र मी बदलायला लावते."

हलवायची तर जागा एकच, विहिरीपलीकडे; तिथं सावली नाही, पाणी खांद्यावरून न्यावं लागेल, निम्मी रोपं जगायची नाहीत, हे सगळं तिला माहीत होतं. मी पाइप खाली टाकला आणि जवळचा ट्रे उचलला.