कापसाच्या पोटातलं तापमान

दारव्ह्याला बदली झाली तेव्हा किरायाची खोली बघायला मी नानांकडे गेले. कडेवर माझी तान्ही मुलगी, नवरा नोकरीसाठी वणीला. नानांनी मला नळ दाखवला नाही की स्वयंपाकाचा ओटा. आधी त्यांनी मागच्या जिन्याचं दार दाखवलं आणि त्याची कडी माझ्याकडून लावून-काढून घेतली. "अंदर कसं यायचं ते कोणालेही समजते, मॅडम. निंगायचं कसं ते पाहून ठेवा. मी भेकड माणूस आहो."

इतक्या सरळपणे स्वतःला भेकड म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. नाना टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते. गावाबाहेर त्यांचं कपाशीचं वावर होतं, आणि भाव चढेपर्यंत कापूस घरातच राही. माझ्या खोलीच्या खाली मोठी बैठक होती, ती हिवाळ्यापासून छतापर्यंत भरलेली असे. नानांची सगळी भीती त्या बैठकीत साठलेली होती.

तरुणपणी त्यांनी एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, आग पाहिली होती. आग दिसण्याआधीचा ढीग पाहिला होता, असं म्हणायला हवं. "वरून पांढराफेक. धूर नाही, वास नाही. एका माणसानं हात घातला अन् बोंबलत बाहेर काढला. कापूस लाकडावानी पेटत नाही, मॅडम. एखादी ठिणगी पोटात घेते अन् चुपचाप धुमसत राह्यते." हे सांगताना त्यांचा आवाज बारीक होई. शांताकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून म्हणत, "झालं यांचं सुरू. त्या लेकराच्या मायले तरी सुखानं झोपू द्या." मला खरोखरच झोप लागत नसे.

त्या हिवाळ्यात नानांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहून तापमान मोजायचे सेन्सर मागवले. बोटाएवढी स्टीलची नळी, मागे लांब वायर. सोबत काडेपेटीहून लहान असा एक वाय-फायचा बोर्ड. मी वायरी धरून बसले आणि नाना कथिल वितळवून डाख द्यायला लागले.

"लाल वायर वीज देते. पाच व्होल्ट नाही, तीनच्या थोडं वर, नाही तं बोर्ड जाईन. काळी अर्थिंगची. पिवळी बोलते. अन् लाल-पिवळीच्या मधात हा रेझिस्टन्स. हा नसला तं पिवळी मुकी."

सगळे सेन्सर एकाच पिवळ्या वायरीवर बोलत, आणि प्रत्येकाला जन्मतः आपला क्रमांक असतो म्हणून कोण बोलतंय ते बोर्डाला कळे. नानांनी सेन्सर पोकळ वेळूंत घालून ढिगात खुपसले. बोर्ड मात्र बाहेर ओसरीवर ठेवला. "कापसाजवळ मोठी वीज नको," म्हणाले.

पहिल्याच दिवशी बोर्डाशी जोडलेला नानांचा मोबाइल कोकलला. एका सेन्सरने पंच्याऐंशी अंश सांगितले. नानांचा चेहरा राखेसारखा झाला. मी मुलीला उचलून रस्त्यावर धावले, शेजारी जमले. नानांनी वेळूजवळ खांद्यापर्यंत हात घातला. कापूस गार होता. मग शोधून कळलं, की या सेन्सरला वीज मिळाली की पहिलं माप घेण्याआधी तो पंच्याऐंशी हाच आकडा धरून असतो. एक डाख ढिला होता, वीज तुटत होती आणि तो पुन्हा पुन्हा नव्याने जागा होत होता. गल्ली हसली. मी म्हटलं, "नाना, पंच्याऐंशी आलं तर दुर्लक्ष कर, असं बोर्डाला सांगून टाका ना."

"अन् खरंच तेवढं झालं तं?" त्यांनी विचारलं. डाख पक्का केला आणि बोर्डाला एवढंच शिकवलं, की असा आकडा आला तर लगेच पुन्हा विचार.

मार्चमधल्या रविवारी सकाळी ट्रॅक्टरने शेवटच्या वेचणीचा कापूस आणून बैठकीत टाकला. दुपारी जेवून मी मुलीला पाळण्यात घातलं होतं. नाना वर आले. धापा टाकत होते, पण आवाज अगदी हळू होता. "मॅडम, लेकराले घ्या. आत्ता."

"पुन्हा पंच्याऐंशी?"

"नाही. बेचाळीस. अन् चढून राह्यलं."

"नाना, बाहेर ऊन बघा. बाहेरच चाळीस असेल."

"बाहेर असते. कापसाच्या पोटात नाही. बाकीचे सारे तीसवर हायेत."

मुलीला छातीशी घेऊन मागच्या जिन्याने उतरले. खाली काकू गॅस बंद करून निघतच होत्या. बैठकीच्या खिडकीतून पाहिलं तर कापूस नुसता पांढरा, शांत. धूर नाही, वास नाही. मला त्या शांततेचीच जास्त भीती वाटली. नगरपालिकेची आग विझवणारी गाडी येईपर्यंत गल्लीतल्या माणसांना ढीग उपसायची घाई झाली होती, आणि नाना दाराशी हात पसरून उभे होते. "उपसू नका. हवा लागली का भडकते." एकाने त्यांना वेड्यात काढलं. ते रडकुंडीला आले, पण दार सोडलं नाही.

गाडीवाल्यांनी पाण्याचा फवारा धरूनच ढीग उकरला. आत भोपळ्याएवढी काळी पोकळी होती, कडा लालभडक. ती उघडली तशी ज्वाळा ढिगावरून पाण्याआधी धावली आणि छताला लागली. वेळेत विझली. अर्धा कापूस गेला. छताची लाकडं काळी पडली, आणि त्या लाकडांच्या बरोबर वर माझ्या मुलीचा पाळणा होता.

नाना समोरच्या ओट्यावर बसले. काकूंनी त्यांना पाणी पाजलं. ठिणगी ट्रॅक्टरची की कोणाच्या विडीची, ते कळलं नाही. नानांनी कोणाला बोल लावला नाही आणि गल्लीला काही ऐकवलंही नाही.

पुढे माझी पांढरकवड्याला बदली झाली. काही वर्षांनी काकूंचा फोन आला, नाना यवतमाळला दवाखान्यात आहेत. मी मुलीला घेऊन भेटायला गेले. ती आता शाळेत जात होती. नानांच्या नाकाला नळी, छाती भात्यासारखी हलत होती. मला पाहून म्हणाले, "भेव वाटून राह्यलं, मॅडम."

घाबरू नका, असं ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि खरं ते सांगितलं. "मलाही वाटतंय, नाना."

त्यांनी मान हलवली. चेहरा थोडा सैल झाला. "तं मंग थांबा जराक."

भेटायची वेळ संपल्याचं सांगायला नर्स आली, परत गेली, पुन्हा आली. मी त्यांचा हात धरून बसून होते. त्याच आठवड्यात ते गेले.