दुपारचा क्लास

“लाल हाय.”

फोन उचलला की आंटींचं पहिलं वाक्य हे. हॅलो नाही, नाव नाही. आधी राउटरच्या दिव्याचा रंग, बाकी जग नंतर. सॅटेलाइट इंटरनेट देणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी तक्रारी घेतो, गरज पडली तर घरी जाऊन दुरुस्तीही करतो. लोक फोनवर चिडतात, रडतात, मॅनेजरला बोलवा म्हणतात. आंटी सांगितलेला उपाय करून बघत आणि जमलं नाही की म्हणत, “बरं. मग आता काय करायचं ते सांग.”

त्यांचं घर उत्तनजवळच्या चौक गावात, खडकांकडच्या शेवटच्या आळीत. तिथवर केबल पोहोचलेली नाही आणि मोबाइलवर जेमतेम बोलता येतं, नेट चालत नाही. म्हणून दुबईतल्या मुलाने गच्चीवर डिश बसवून घेतली होती. मला वाटलं होतं, मुलाचं तोंड बघायला नेट हवं असेल.

पहिल्या तक्रारीला घरी गेलो तर खिडकीपाशी अंकल, आंटींचे यजमान, बसले होते. जन्मभर मासेमारी बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान. त्यांची हाक वाऱ्याला कापत दुसऱ्या बोटीवर जायची म्हणे. अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. खड्ड्यांतून भाईंदरला नेणं त्यांना सोसेना, म्हणून पुण्याच्या एक मॅडम रोज दुपारी व्हिडिओवर त्यांना बोलायला शिकवत. सुरुवातीचे महिने वाया घालवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि नेमकं क्लासच्या वेळी चित्र थिजायचं.

“नेट थांबला का, यांना वाटतं, आपलंच तोंड अडकलं,” आंटी मला बाजूला घेऊन म्हणाल्या. “मग दिवसभर तोंड उघडत न्हाय.”

राउटर काचेच्या शोकेसमध्ये होता, आल्टरच्या, म्हणजे येशूच्या देव्हाऱ्याच्या, शेजारी. तो बाहेर काढला. काही फरक नाही. लॅपटॉपला थेट वायर जोडली, तरी तेच. म्हणजे दोष वायफायचा नव्हता. गच्चीवर गेलो, तर खाऱ्या हवेने केबलचा जोड हिरवा पडलेला. तो बदलला. सगळं सुरळीत चाललं, मी चहा पिऊन खुशीत निघालो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. पुन्हा गेलो. पुन्हा सगळं ठीक. असं झालं की आमच्या धंद्यात गिऱ्हाइकावर संशय घेतात, हे तुम्हीही कधी अनुभवलं असेल. मी म्हटलं, “आंटी, तुम्हीच काहीतरी बंद करत असाल.”

त्या रागावल्या नाहीत. “तू रोज सकाळी येतोस. क्लास दुपारी हाय. दुपारी ये.”

दुपारी गेलो. त्या जिन्याखाली लॅपटॉपसमोर, मी गच्चीवर डिशपाशी. “गेला!” खालून आवाज. “आला!” पुन्हा, “गेला!” समुद्रावरून वारा सुटला होता आणि शेजारचा माड डोलत होता. त्याच्या झावळ्या डिशच्या समोरचं आभाळ झाकत होत्या, सोडत होत्या. सकाळी वारा पडलेला असायचा, माडही गप्प उभा.

शेजाऱ्याला बोलावलं. तो बिचारा झावळ्या उतरवायला तयार झाला, पण आंटींनी हात आडवा केला. “पुन्हा वाढतील. डिशच हलवू.” बोटीवरचा एक जुना लोखंडी पाइप त्यांनी कुठूनसा ओढत आणला. तो टाकीपलीकडच्या कोपऱ्यात उभा करताना त्यांनी खालून असा घट्ट धरला, की सिमेंट सुकेपर्यंत सोडतील की नाही, अशी मला शंका आली.

दुसऱ्या दुपारी मी मुद्दाम थांबलो. वारा होता, माड डोलत होता, चित्र मात्र चालू. मॅडमनी एक चित्र दाखवलं. “काका, हे काय आहे?”

अंकलचे ओठ कितीतरी वेळ जुळत राहिले. “म्हा… वरं.”

“छान प्रयत्न! मासा म्हणा. मा-सा.”

“अवो मॅडम, बरोबर हाय त्यांचं!” आंटी मागून ओरडल्या. “आमच्यात म्हावरंच बोलतात!” आणि पदर तोंडाला लावून मागच्या अंगणात निघून गेल्या. त्या बराच वेळ आत आल्या नाहीत. चहा मी ठेवला.

त्यानंतर त्या घरातून तक्रार आली नाही. कधी उत्तनकडे काम निघालं की मान वर करून ती डिश बघायचो, एवढंच.

परवा त्या नंबरवरून फोन आला. आवाज पुरुषाचा, जाड, थांबत थांबत येणारा. ओळखायला मला वेळ लागला, कारण फोनवर तो मी कधी ऐकलाच नव्हता.

“ती… गेली.”

“अंकल? कधी?”

“झोपेत.”

लाइन तुटली असं वाटलं. तुटली नव्हती. मी कान लावून थांबलो.

“पोरगा… सांगेल तुला, नेट… काढ.” मोठा श्वास ऐकू आला. “काढू… नको.”

“नाही काढत, अंकल.”

“क्लास हाय,” ते म्हणाले. “दुपारी.”