पिठासारखा भुसा

मी मुळातच भित्री. घराबाहेर पडताना गॅसचा रेग्युलेटर दोनदा बघते, कुलूप तीनदा ओढते आणि फाटकापर्यंत जाऊन पुन्हा एकदा परत येते. हे म्हणतात, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस." मी म्हणते, असू दे, पाठीशी कोणीतरी आहे ना.

अशा बाईने करवत हातात धरावी हे आमच्या गावात बऱ्याच जणांना नवल वाटतं. माझे वडील सुतार होते. त्यांच्याजवळ बसून बसून रंधा कसा धरायचा ते मला लहानपणीच कळलं होतं, पण मुलीने त्यापुढे जायचं नसतं, म्हणून राहून गेलं. पोरं नोकरीला लागली, घर रिकामं झालं, तेव्हा मागच्या अंगणात पत्र्याची शेड घालून घेतली आणि सुरुवात केली. आधी पोळपाट, मग देव्हारे, मग कर्जतकडच्या फार्महाऊसवाल्यांची कपाटं आणि फळ्या. आमचं घर लोधिवलीच्या अलीकडे, जुन्या हायवेपासून थोडं आत आहे, त्यामुळे टेंपो दारापर्यंत येतो.

वडील खोकून खोकून गेले. शेवटची दोन वर्षं त्यांना आडवं होता येत नव्हतं, भिंतीला उशी लावून बसल्याबसल्या डोळा लागेल तेवढीच झोप. डॉक्टरांनी धूळ म्हटलं, आईने नशीब म्हटलं. मी तो खोकला अजून विसरलेली नाही. मी हाताने काम करत होते तोवर मला तशी भीती नव्हती, कारण करवतीचा भुसा जाड, तो खाली पडतो आणि झाडूने गोळा होतो. पण मागच्या वर्षी घासायचं मशीन घेतलं आणि सगळं बदललं. त्याची धूळ खाली पडतच नाही. ती उन्हाच्या तिरिपेत तरंगत राहते, पापण्यांवर बसते, नाक पुसलं की रुमालावर तपकिरी येते. मी कामावरून आल्यावर मोठा श्वास घेऊन बघायची. छातीत काही वाजतंय का? ह्यांनाही ऐकायला लावायची. हे कान लावायचे आणि म्हणायचे, "पोटात भूक वाजते तुझ्या, दुसरं काय नाय."

शेवटी ठरवलं, धूळ ओढणारं मशीन घ्यायचं. त्याआधी घरातलाच व्हॅक्युम क्लीनर लावून बघितला होता. दहा मिनिटांत त्याचा आवाज चढला, जळका वास आला, आणि मी घाबरून तो वायरीसकट अंगणात भिरकावला आणि वर बादलीभर पाणी ओतलं. आता दुधाने तोंड पोळलेलं, त्यामुळे या वेळी ताक फुंकून प्यायचं होतं.

शिळफाट्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मी तीनदा गेले. दुकानदार शांत माणूस, नाहीतर तिसऱ्या वेळी त्याने मला हात जोडले असते. पहिल्यांदा गेले तेव्हा फक्त प्रश्न विचारले. मोटर तापते का? प्लास्टिकच्या पाइपाला हात लावला की झटका बसतो का? फिल्टर फाटला तर आपल्याला कळतं का? दुसऱ्यांदा ह्यांना घेऊन गेले. ह्यांना सगळ्यात मोठं, पाणीसुद्धा ओढणारं, चाकांवरचं आवडलं. ते आमच्या शेडमध्ये ठेवलं असतं तर मला बाहेर बसून काम करावं लागलं असतं. नाकापेक्षा मोती जड. तिसऱ्यांदा एकटी गेले आणि ह्यांची काळी छत्री बरोबर नेली.

छत्री मी उघडली आणि मशीनची हवा जिथून बाहेर पडते तिथे मागे धरली. दुकानदाराला म्हटलं, "आता रांगोळी ओढून दाखवा." त्याने काउंटरवर पांढरी रांगोळी पसरली आणि छोटं मशीन चालू केलं. रांगोळी क्षणात गायब. पण छत्री बघते तर काळ्या कापडावर पांढरी साय धरलेली. पुढून ओढलेलं मागून माझ्याच तोंडावर येणार होतं. दुसरं मधल्या आकाराचं होतं, आत कापडी पिशवी आणि पिशवीनंतर घड्यांचा कागदी फिल्टर. त्याच्या मागे छत्री काळीच राहिली. मी बोट फिरवून बघितलं, चष्मा काढून बघितलं, मग म्हटलं, हे द्या.

बिल करताना दुकानदार म्हणाला, "ताई, एक लक्षात ठेवा. ड्रम रिकामा करताना जवळ विस्तव नको. ही बारीक पावडर हवेत उडाली आणि आग मिळाली तर भडका होतो. जाड भुशासारखं नाही ते."

एवढं वाक्य माझ्यासारखीला पुरेसं होतं. घरी आल्याबरोबर मी शेडच्या दारावर पुठ्ठा लावला, "विस्तव, बिडी, उदबत्ती बंद." ह्यांची बिडी फाटकाबाहेर गेली. तुळशीपुढचं निरांजन चार हात पलीकडे सरकवलं. आमचा मुलगा घरी आला होता, तो म्हणाला, फोनवर बोललीस तरी ठिणगी पडेल असं वागते आहेस. मला बरं वाटत होतं. इतकी काळजी घेतल्यावर काही होणार नाही, अशी माझी खात्री पटली होती.

आता मावशींबद्दल सांगायला हवं. डोंगराच्या पायथ्याशी आदिवासी वाडी आहे, तिथून त्या आठ-दहा दिवसांनी माझ्याकडे भुसा न्यायला येतात. शेड झाली तेव्हापासूनचा हा रिवाज. मी भुसा गोणीत भरून ठेवते, त्या येताना हंगामाप्रमाणे करवंदं, कंटोली, कधी कुड्याच्या शेंगा आणतात. चहा पितात, माझ्या कामाला नावं ठेवतात आणि गोणी डोक्यावर घेऊन जातात. भुशाची शेगडी पेटवणं हे त्यांचं खास काम. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, खाली बाजूला एक भोक. मधोमध बाटली उभी धरायची, भोवती भुसा घालून मुसळाने ठोकत जायचं, डबा भरला की बाटली अलगद वर काढून घ्यायची. मध्ये धुराड्यासारखी पोकळी राहते. खालून पेटती काडी सरकवली की तीन-चार तास मंद जळत राहतं. भुसा सैल राहिला तर आत कोसळतो, फार घट्ट बसला तर पेटत नाही. वाडीत लग्न असो, बारसं असो, शेगडी मावशींनीच भरायची. मी एकदा करून बघितलं होतं, बाटली काढताच सगळं ढासळलं, आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

नवं मशीन आल्यावर पाचव्या दिवशी मावशी आल्या. त्या आठवड्यात मी फार्महाऊसच्या एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या, फळ्या घासत होते, करवत फारशी चाललीच नव्हती. मी ड्रम रिकामा केला, नियमाप्रमाणे, आसपास विस्तव नाही हे बघून, तोंडाला फडकं बांधून. पिवळसर, मैद्यासारखं पीठ गोणीत पडलं. मावशींनी मूठभर घेऊन बोटांत चोळलं.

"आज लय बारीक हाय गं."

"नवं मशीन घेतलं ना, मावशी. सगळं ओढून घेतं."

"बरं हाय. चांगला दाबून बसंल." त्यांनी गोणी उचलली. मी फाटकापर्यंत गेले आणि वर हातही केला.

दुपारी मी भाकऱ्या करत होते. तांदळाची भाकरी थापली, तव्यावर टाकताना हाताचं कोरडं पीठ गॅसवर सांडलं आणि ज्योतीत तडतड करत ठिणग्या उडाल्या. रोज उडतात. त्या दिवशी मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले आणि भाकरी उलटायचीच विसरले.

शेड, तुळस, बिडी, उदबत्ती, सगळ्यांपासून मी ते पीठ जपलं होतं. आणि मग स्वतःच्या हाताने गोणीत भरून थेट एका शेगडीकडे पाठवलं होतं. फाटकाबाहेर गेलेल्या गोणीचा मी विचारच केला नव्हता. मावशींच्या घरात दीड वर्षांची नात होती, दिवसभर आजीच्या पदराला धरून फिरणारी.

"गाडी काढा!" मी ओरडले. हे घाबरून बाहेर आले. "काय झालं गं? कोन पडलं?" मला नीट सांगताही येईना. वाटेत स्कूटरवर मागे बसून सांगितलं, तेव्हा त्यांनी नुसता वेग वाढवला. हे थट्टा करत नाहीत तेव्हा मला जास्त भीती वाटते. मावशींच्या घरी फोन लावला, तर वाडीत रेंज नाही. रस्ता संपतो तिथे स्कूटर उभी करून पुढे चढाव चालायचा असतो. मी चपला हातात घेऊन पळत होते. वर एका कुडाच्या घरातून धूर दिसत होता. वाडीत दुपारी धूर असतोच, असं मी स्वतःला सांगत होते, आणि तो त्यांच्याच घरातून येतोय हेही मला दिसत होतं.

अंगणात शेगडी आडवी पडली होती. भोवती ओला काळा चिखल, अजून वाफ निघत होती. मी पहिल्यांदा नातीला शोधलं. ती शेजारच्या ओट्यावर बसून चुरमुरे खात होती. माझ्या तोंडून आवाज निघाला, तो कसला होता मला सांगता येणार नाही.

मावशी दाराशी बसल्या होत्या. उजव्या हाताच्या बोटांवर कसलासा पाला वाटून लावलेला, डाव्या भुवईच्या जागी नुसती लाल कातडी, पुढचे केस आखडलेले. सून आत-बाहेर करत होती, चेहरा रागावलेला. तिनेच सांगितलं. शेगडी पेटली, सासूबाई वाकून बघत होत्या, आतला भुसा एकदम कोसळला आणि भपकन जाळ वर आला. "बरं तर बरं, पोर आताच भाईर गेलेली. मी सांगितलं त्यास्नी, आता शेगडीला हात नाय लावायचा. वय झालं तुमचं."

मी खाली बसले. "मावशी, दवाखान्यात जाऊ या. हे आहेत, स्कूटर आहे."

"नाय गं. बोटं हायेत ती बरी व्हतील." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. हात उलटसुलट करून त्यालाच बघत होत्या. मग हळू म्हणाल्या, "माजाच हात चुकला, ताई. येवढी वर्सं भरते, कदी कोसळला नाय. आज कसा काय चुकला म्हायत नाय. डोळ्यानी बी नीट दिसंना झालंय. आता गेला माजा हात."

मी मनात घाबरले, आणि हे लिहायला मला लाज वाटते. भीतीने मला सांगितलं, गप्प बस. त्यांना काही माहीत नाही. सुनेला माहीत नाही. वाडीतली चार माणसं कुंपणापाशी उभी राहून ऐकत होती. बोललीस तर तुझ्यावर येईल, त्यांचा मुलगा कामावरून आल्यावर तुझ्या दारात येईल. बोटं बरी होतील, भुवई उगवेल, आणि तू पुढच्या वेळी जाड भुसा दे म्हणजे झालं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे जमिनीकडे बघत होते. त्यांनी माझ्यासाठी तोंड उघडलं असतं तर मला सोपं झालं असतं, पण ते उघडणार नव्हते.

मावशी अजून हात बघत होत्या.

"तुमचा हात नाही चुकला," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की परत म्हणावं लागलं. "मावशी, तुमचा हात चुकला नाही. तो भुसाच नव्हता. नव्या मशीनमधली पावडर होती, ती धरून राहत नाही आणि भडकते. दुकानदाराने मला बजावून सांगितलं होतं. मी माझ्या घरात काडी पेटू दिली नाही, आणि तुम्हाला शेगडीत घालायला दिली. तुम्हाला सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. कोणीही भरली असती तरी कोसळली असती."

सून जागच्या जागी थांबली. कुंपणापाशी कोणीतरी काहीतरी पुटपुटलं. माझी छाती इतक्या जोरात धडधडत होती की मला वाटलं आता हेच ऐकू येईल सगळ्यांना. मावशींनी पहिल्यांदा वर बघितलं.

"माजा हात नाय?"

"नाही."

"खरं सांगते? माजं मन राखाया नाय?"

"देवाशपथ. तुमच्या हाताला काही झालेलं नाही."

त्या सुनेकडे वळल्या. "आयकलंस गं? भुसाच खोटा व्हता. मी भरलेली बराबर व्हती." सुनेने पुढे होऊन आडवी शेगडी उभी केली.

भडका उडाला तेव्हा मावशी ओरडल्यासुद्धा नव्हत्या, असं सून नंतर म्हणाली. बोटं भाजली तरी डोळ्यांत टिपूस नव्हता. आता मात्र त्यांनी भाजलेला हात मांडीवर ठेवला, चांगल्या हाताने पदर तोंडाला लावला आणि लहान मुलासारख्या रडू लागल्या.