'नम्र राहा' म्हणणाऱ्या सरांकडे मी चावी मागितली

गेल्या सोमवारी भर दुपारी, भिवंडीजवळच्या दापोड्यातल्या आमच्या गोडाऊनमध्ये मी टॉयलेट घासत होते. हातात ब्रश, शेजारी फिनेलची बाटली... आणि गळ्यात सुपरवायझरचं आयकार्ड.

सांगते सगळं. आमच्या पॅकिंग लाइनवर बावीस बायका आहेत. लेडीज टॉयलेट गोडाऊनच्या मागच्या टोकाला, कंटेनर रिव्हर्स घेतात त्या आवारातून जावं लागतं. कडी तुटलेली, नळ बंद. ऑफिसजवळ मात्र पाहुण्यांसाठी एक छान टाइल्स लावलेलं टॉयलेट आहे. त्याला कुलूप. चावी मॅनेजरसाहेबांच्या ड्रॉवरमध्ये.

त्यामुळे आमच्या बायका शिफ्ट संपेपर्यंत पाणीच पीत नाहीत. मीही कित्येक वर्षं प्यायले नाही... त्याचे परिणाम माझ्या डॉक्टरला विचारा.

मॅनेजर विजयसर भिवंडीतल्या आमच्याच मंडळीतले. रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतात, प्रार्थना सुंदर करतात. मी तीनदा त्यांच्याकडे चावीचा विषय काढला. दोनदा 'बायका घाण करतात' म्हणून त्यांनी टाळलं. तिसऱ्यांदा ते सगळ्यांसमोर म्हणाले, "एस्तेरताई, तुम्ही प्रभूच्या विश्वासातल्या आहात. थोडं सोसायला शिका, नम्र राहा. आपलं प्रतिफळ स्वर्गात आहे."

आणि मी मान डोलावली! याचाच राग जास्त आला... त्यांचा नाही, माझा. लहानपणापासून मान डोलवायची इतकी सवय, की ती आपोआप हलली.

त्यानंतरच्या शनिवारी लाइनवरच्या एका मुलीला मागच्या टोकापर्यंत पोचता आलं नाही. सातवा महिना आहे तिला. खोक्यांच्या आड ओल्या कपड्यांत उभी राहून रडत होती. मी माझी ओढणी तिच्या कमरेला गुंडाळली आणि रिक्षात बसवून घरी पाठवलं. हे लिहू का, असं तिला विचारलं. म्हणाली, "लिखो दीदी, बस मेरा नाम मत लिखना."

दुसऱ्या दिवशी उपासनेत पाळकसाहेब येशूने शिष्यांचे पाय धुतले त्यावर बोलले. शंभरदा ऐकलंय मी ते. पण त्या रविवारी पहिल्यांदा लक्षात आलं... वाकला कोण? गुरू वाकला. जो सगळ्यांत वर बसला होता तो उठला आणि खाली बसला. जे आधीच खाली आहेत त्यांना अजून वाका असं त्याने कुठेच सांगितलं नाही. मग आम्हाला हे कोण आणि कुठून शिकवतंय?

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी केबिनमध्ये गेले. "सर, चावी द्या. बायका घाण करतात म्हणता ना? मी धुते. रोज."

ते हसले. "सुपरवायझर आहात तुम्ही. शोभतं का?"

"नम्रता शिका म्हणालात ना... शिकतेय."

चावी दिली त्यांनी. ही दोन मिनिटांत नाक दाबून परत येईल, असं वाटलं असावं. मी टॉयलेट लख्ख घासलं, बाहेर आले आणि लाइनवर जाऊन सांगितलं, चला, एकेक जणी या. पहिली तीच गेली, सातव्या महिन्यातली.

सर धावत आले. "मी चावी धुवायला दिली होती!"

"धुतलं. आता वापरणार."

"वर कळवावं लागेल मला."

"कळवा. माझं पूर्ण नाव लिहा."

"ताई, अहो, जरा प्रतिफळाचा विचार..."

"स्वर्गातल्या प्रतिफळाचं प्रभू बघेल, सर. तुम्ही मागच्या नळाचं बघा."

बावीस बायकांत कुणीतरी फिसकन हसलं.

घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "हे पिढीजात काम हातातून सुटावं म्हणून तुझ्या आजोबांनी आम्हाला शिकवलं गं... आणि तू परत ब्रश धरलास?" बरोबर आहे तिचं. मी एवढंच म्हटलं, तेव्हा त्यांना कुणीतरी करायला लावलं होतं. आज मला कुणी लावलेलं नाही. तिला पटलं की नाही, माहीत नाही.

मंगळवारी ब्रश घ्यायला गेले तर तो जागेवर नव्हता. आमच्यातल्या सर्वांत जुन्या मंदामावशी, इथल्याच गावातल्या, आत घासत होत्या. म्हणाल्या, "तू एकटीनं धुवायचा न्हाय. आमाला पन हात हायत." देवळात जाणाऱ्या बाई त्या. बायबलचं वचन वगैरे त्यांना कुणी शिकवलेलं नाही... मला मात्र त्यांनी त्या दिवशी शिकवलं. तेव्हापासून रोज दोघीजणी पाळीपाळीने धुतात.

गुरुवारी मला नोटीस आली. शिस्तभंग केल्याचा खुलासा द्या म्हणे. मी दोनच ओळी लिहिल्या : होय, मी टॉयलेट धुतलं आणि बायकांना वापरू दिलं. उद्याही हेच करेन. अजून उत्तर नाही. नोकरी राहील की जाईल, खरंच माहीत नाही. पण पाहुण्यांच्या टॉयलेटला कुलूप लागलेलं नाही, आणि मागच्या नळासाठी शनिवारी प्लंबर येऊन माप घेऊन गेला. सर काल चर्चमध्ये दिसले. पुढच्या बाकावर नव्हते, मागे बसले होते. का, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

मी प्रभूवर रुसलेली नाही, कुणी तसं समजू नका. उलट इतकी वर्षं ज्या आशीर्वादासाठी हात जोडले, तो मला मंदामावशीच्या ओल्या हातांत दिसला. त्यांचे मनापासून आभार.

आणि यापुढे मला कुणी 'नम्र राहा' म्हणालं, तर नक्की राहीन. फक्त आधी विचारेन... तुम्ही कधी वाकताय?